भुंग्याचा घसा

एक

सत्य कधी लपत नाही. योग्य माणसाने योग्य प्रश्न विचारला की ते आपणहून उठून उभं राहतं, असं मामांचं आयुष्यभराचं मत होतं. मामा विमा कंपनीत नुकसान तपासणीस होते. बरंचसं सत्य त्यांच्या प्रश्नांना कंटाळून उठायचं, असं कचेरीतले लोक म्हणत. पण निरोप समारंभात ते कोणी बोललं नाही.

निवृत्तीनंतर तपासायला नुकसान उरलं नाही, म्हणून मामा नातेवाइकांकडे राहायला जाऊ लागले.

धाकट्या बहिणीकडे ते एका दुपारी पोचले. कोणाच्या घरी हाताची घडी घालून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी मागच्या नळाला नवा वॉशर घातला, करकरणाऱ्या दाराला तेल दिलं, भिंतीवरचं तिरकं चित्र सरळ केलं, एक मरायला टेकलेला सेल बदलला आणि रद्दीचा गठ्ठा आकारमानाप्रमाणे लावला. कोणी आभार मानले नाहीत. मामांची तशी अपेक्षाही नव्हती. फक्त कोणाच्या लक्षात आलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या खोलीतून आरोळी आली, तेव्हा मामा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते धावले. इतक्या वर्षांत इतका आनंद त्यांना झाला नव्हता.

दोन

बहिणीचा नवरा ‘भुंगे’ बनवायचा. म्हणजे पायाने दाबायच्या लोखंडी डब्या. इलेक्ट्रिक गिटार आणि स्पीकर यांच्या मधे भुंगा लावायचा. गिटारचा धुतलेला, इस्त्री केलेला सूर एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने रात्रभर भांडून घसा बसल्यासारखा बाहेर येतो. कारखान्यात असल्या डब्या हजारांनी निघतात. पण जुन्या काळच्या पद्धतीने, हाताने, जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर हुडकून बनवलेला भुंगा हवा असेल, तर लोक वर्ष वर्ष थांबत. चांगल्या गळ्यासाठी जगात कोणी इतकं थांबत नाही.

असाच एक वर्षभर थांबलेला वादक सकाळी भुंगा न्यायला आला होता. पिकलेले केस मागे बांधलेला, कमी बोलणारा माणूस. गेल्या आठवड्यात त्याने हाच भुंगा वाजवून पाहिला होता, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. आज त्याने गिटारची वायर लावली, डबी दाबली, एक सूर काढला आणि वायर काढून गुंडाळून ठेवली.

“हा तो नव्हे,” तो म्हणाला. “तो गुरगुरायचा. हा नुसता किंचाळतोय.”

भुंगेवाल्याने डबी उलटी केली आणि तीच ती आरोळी ठोकली.

“बघा मामा! या चार स्क्रूंच्या खाचा मी सगळ्या एका दिशेला ठेवतो. घड्याळात बारा वाजल्यासारख्या. आणि हा बघा. हा दोनवर आलाय. कोणीतरी उघडलाय.”

आतले दोन ट्रान्झिस्टर शर्टाच्या बटणाएवढे, डोक्यावर टोपी घातल्यासारखे. ते कथलाचा डाक न देता खाचेत बसवलेले असतात, म्हणजे हवे तेव्हा काढून मीटरवर मोजता येतात. भुंगेवाल्याने ते काढले, मोजले आणि स्टुलावर बसला. मुलीचे बोर्डाचे मार्क त्याला सांगता आले नसते. पण या दोघांचे आकडे तो झोपेत सांगत असे.

“माझे नव्हेत हे. दोन्ही चढे दाखवतायत. माझे काढून घेतले आणि दुसरेच बसवले.”

“कोणी?” मामांनी साबण पुसत विचारलं.

“या डबीतून काय चोरायचं हे कळणारा माणूस घरात एकच आहे.”

दारात त्याचा धाकटा भाऊ उभा होता. भुंग्यांना भोकं पाडणं, रंग देणं, त्यावर पिवळ्या रंगात भुंगा चितारणं हे काम त्याचं. त्याच्या हातात ब्रश होता.

“भाऊ, तू मला म्हणतोयस?”

“नाव घेतलं का मी?”

“संध्याकाळी येतो,” वादक म्हणाला. दुसऱ्याच्या घरातलं भांडण बघणं त्याला आवडत नसावं. “मिळाला तर नेतो. नाही तर राहू दे.”

मामांनी हात वर केला. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाने करावा तसा.

“संध्याकाळच्या आत चोर मी उभा करतो. पण एका अटीवर. माझ्यापुढे प्रत्येकाने खरं बोलायचं. कबुलीला पैसे पडत नाहीत.”

तीन

चौकशीसाठी मामांनी कामाची खोलीच निवडली. टेबलावर डाक द्यायची इस्त्री, वायरींचे भेंडोळे, विजेचा ॲडाप्टर, एक पिवळा मीटर, आणि कोपऱ्यात पत्र्याचा मोठा डबा. पहिल्यांदा बहीण आली.

“दादा, तू माझी चौकशी करणार?”

“चौकशीत बहीण नसते.”

“मग चहाही नसतो.”

मामा नरमले. चहा आला. पण सवयीने ते कपाच्या वरून बघतच राहिले, आणि तशा बघण्यापुढे बहीण लहानपणापासून टिकत नसे.

“बरं, सांगते. पण ह्यांना कळता कामा नये. धूळ पुसताना तो मीटर माझ्या हातून पडला होता. काचेचा वरचा कोपरा काळा झाला, तो तसाच राहिला. आकडे दिसतात सगळे, पण त्या कोपऱ्यात काही उमटत नाही. ह्यांना वाटतं उन्हाने झालं. मीही म्हटलं, हो, ऊन फार आहे.”

“याचा चोरीशी काय संबंध?”

“काही नाही. पण तू बघत बसलास ना तसा! अजून एक सांगू? हा आवाज मला सहन होत नाही. परवा मनात म्हटलं, एकदाचा मरो हा भुंगा. आणि बघ.” तिने डोळ्याला पदर लावला. मग पदर धरलेल्या त्याच हाताने पत्र्याच्या डब्याकडे बोट केलं. “तो डबा बघ. मेलेले सेल साठवतो हा माणूस. टाकू देत नाही. मी म्हणते, लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात...”

मामांनी मान डोलावली. बहिणीचा संसार सोपा नव्हता, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं.

भाची कॉलेजातून आली तशी थेट खोलीत हजर झाली.

“मामा, बाबांना सांगणार नसाल तर सांगते.”

“तपासात असं नसतं.”

“मग नाही सांगत.”

“...सांग.”

“काल संध्याकाळी बाबा पत्रा आणायला गेले होते. मी भुंगा लावून वाजवला. थोडासाच. बाबा ग्राहकाच्या डबीला हात लावू देत नाहीत. मग पुसून होता तसा ठेवला.”

“उघडलास?”

“छे! काय आवाज होता पण, मामा. मांजर रागावल्यासारखा. मोठं मांजर. वाघच.”

मामा सावरून बसले. “म्हणजे तोपर्यंत भुंगा शाबूत होता. तेव्हा मी कुठे होतो?”

“मागे, नळ उघडून बसला होतात. पाणी तोंडावर उडालं म्हणून नळाला काहीतरी बोललातही.”

“असो. त्यानंतर या खोलीत कोण आलं?”

“काका आला, ब्रश धुवायला. आणि तेल शोधत तुम्ही.”

“मी सोडून.”

“मग काका.”

“तपासणारा माणूस मोजायचा नसतो,” मामांनी समजावलं. “मोजपट्टी आपली लांबी मोजते का?”

भाचीला ते पटलं नाही. पण मामा मोठे होते.

चार

धाकटा समोर बसला आणि स्वतःच्याच हातांकडे बघू लागला. नखांत पिवळा रंग होता.

“बोल.”

“मामा, मी नाही घेतले.”

“सगळे असंच म्हणतात.”

“कारण सगळ्यांनी घेतलेले नसतात.”

मामा कपाच्या वरून बघू लागले. कपात चहा नव्हता, तरी परिणाम झाला.

“एक आहे,” धाकटा म्हणाला. “ती मोठी कंपनी आहे ना, मशिनवर असल्या डब्या बनवणारी, तिथे मुलाखत देऊन आलोय. रंगकामाचा विभाग. त्यांनी बोलावलंय. भाऊला कसं सांगू कळेना. रोज सकाळी ठरवतो, रोज भाऊ म्हणतो, ‘तुझा भुंगा बघून लोक डबी घेतात रे, माझा आवाज नंतर ऐकतात.’ मग राहून जातं.”

मामांच्या अंगात जुना तपासणीस जागा झाला. हेतू! प्रतिस्पर्धी कंपनी, घरभेदी माणूस, कोणाला न सांगितलेली मुलाखत. त्यांनी अधिक काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर जायचं की नाही हे धाकट्याने अजून ठरवलंच नाही, हे कळलं असतं. पण हेतू सापडल्यावर प्रश्न विचारत बसणं हे नवशिक्याचं लक्षण.

भुंगेवाला स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवत होता. मामांनी त्याला नोकरीचं सांगितलं. गंभीर, मोजक्या शब्दांत, कोणावर आरोप न करता. म्हणजे सगळ्यात वाईट पद्धतीने.

पुढचं सगळं घराने ऐकलं.

“सांगायचं तरी होतंस! दोन बटणं नेऊन त्यांच्या हातात ठेवलीस?”

“भाऊ, मी काही दिलं नाही कोणाला.”

“तो ॲडाप्टरही तूच बिघडवलास! कालपर्यंत नऊ व्होल्ट दाखवायचा, आज अकरा दाखवतोय. आज या खोलीत काय मोजावं ते चढं! जे मोजावं ते तू हात लावलेलं!”

“मग मी हातच लावत नाही. जातो मी.”

“जा!”

पलीकडच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज झाला. मग बॅगेची चेन. मग धाकटा फोनवर कोणाशी तरी हळू बोलला.

बहीण दारात येऊन मामांकडे बघून गेली. चहा विचारला नाही. प्रकरण सुटलं होतं, तरी मामांना पूर्वीसारखं हलकं वाटेना. विमा कंपनीत दावा फेटाळला की माणूस आपल्या घरी जायचा. इथे त्याचं घर हेच होतं.

पाच

संध्याकाळ जवळ आली तशी भुंगेवाल्याने मामांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार करकरलं नाही. मामांना तेवढंच समाधान.

“मामा, सगळे कबुल्या देतायत. माझीही एक घ्या. दिवसभर त्या पोराला चोर म्हणतोय, पण खरा लबाड मीच.”

“बोला जावईबापू.”

“लोक माझ्या आवाजाला जादू म्हणतात. जुने ट्रान्झिस्टर, जुना हात. ते आहेच. पण नवाकोरा सेल घातला ना, तर माझाही भुंगा किंचाळतो. सेल थकलेला लागतो. आत वीज कमी पोचली, की सूर धापा टाकत, गुरगुरत निघतो. म्हणून मी डब्यातून एक एक थकलेला सेल निवडून घालतो. पार मेलेला नाही, जिवंतही नाही. ही जादू.” त्याचा चेहरा उतरला होता. “वर्षभर थांबलेल्या माणसाला मी वापरलेला सेल घालून देतो. वर्षभराने कोणी ‘आवाज गेला’ म्हणत आलं की ‘सर्व्हिसिंग’ म्हणून ठेवून घेतो आणि दुसरा थकलेला घालतो. हे बायकोलाही माहीत नाही. भावालाही नाही.”

मामांनी टेबलावरच्या भुंग्याकडे बघितलं.

“आज... सेल बघितलात?” त्यांनी विचारलं.

“आहे की जागेवर. घरातले सगळे सेल एकाच कंपनीचे. आणि मरत आलेला सेल कोण चोरणार, मामा?”

मामांच्या जिभेच्या टोकाला काल संध्याकाळ आठवली.

सहा

सेल जिवंत आहे की नाही हे बघायची मामांची पद्धत जुनी होती: चौकोनी सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, ती जिभेला लावायची. झिणझिण्या आल्या तर जिवंत. काल तेलाची बुधली शोधताना त्यांना टेबलावर ग्राहकासाठी पुसून ठेवलेला भुंगा दिसला. म्हटलं, बघावं. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने मागचा पत्रा काढला, सेल चाटला. जिभेला जेमतेम मुंगी चावली. ग्राहकाला असला सेल? बहिणीच्या घराला बट्टा! नवा शोधला, सापडला नाही. मग शेजारचा मीटर उघडला. त्यातल्या सेलने जीभ चांगली झणाणली. तो भुंग्यात घातला. भुंग्यातला थकलेला फेकायचा कसा, वस्तू वाया घालवणं मामांना पाप वाटे. तो मीटरमध्ये घातला. मीटरला असा काय जोर लागतो, नुसते आकडे तर दाखवायचे!

आणि आता आकडे रांगेने उभे राहिले. खुद्द मीटरच अर्धपोटी होता, आणि उपाशी मीटर कमी नव्हे, जास्तच आकडा दाखवतो, म्हणून तो सगळंच चढं दाखवत होता: ॲडाप्टर, ट्रान्झिस्टर, सगळं. सेल उतरल्याची खूण मीटरच्या काचेवर उमटली असती, पण तो कोपरा बहिणीच्या हातून पडल्यापासून काळा होता. ट्रान्झिस्टर तेच होते. भाची खरं बोलली होती. धाकटा खरं बोलला होता. घरात चोरी झालीच नव्हती. झाली होती ती मदत.

आयुष्यात पहिल्यांदाच एक प्रकरण मामांनी शेवटच्या दुव्यापर्यंत सोडवलं होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

मामांनी विचार केला. जसा विचार दुसऱ्यांच्या मनात ओळखून त्यांनी त्यांचे दावे फेटाळले होते, अगदी तसाच. गुपचूप सेल परत बदलावेत. मग जाहीर करावं: चोराला पश्चात्ताप झाला, माल परत आला, नाव विचारू नये. त्यात खोटं असं फारसं काही नव्हतं.

भुंगेवाला तोंड धुवायला गेला, तसे त्यांनी दोन्ही यंत्रं उघडली. सेल काढून शेजारी शेजारी ठेवले. एवढ्यात धाकट्याची बॅग जिन्यावर आपटली, मामा दचकले, त्यांचा हात लागला, आणि दोन्ही सेल खाली पडले. दोन्ही सारखे. एकाच कंपनीचे. कोणता कुठला?

इलाज एकच होता.

“मामा,” दारातून भाची म्हणाली, “तुम्ही सेल चाटताय?”

जिभेवर सेल असताना उत्तर देता येत नाही.

“आई! बाबा! मामा सेल चाटतायत!”

घर गोळा झालं. बॅग हातात धरलेला धाकटाही जिन्यावरून परत आला. मामांनी सेल जिभेवरून काढला, रुमालाने पुसला, आणि ज्या आवाजात दिवसभर प्रश्न विचारले होते त्याच्या निम्म्या आवाजात सगळं सांगितलं. नळापासून सुरुवात केली. मधेच थांबले नाहीत. कबुलीला पैसे पडत नाहीत, हे त्यांचंच वाक्य. पण दुसरं काय काय पडतं ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मामांना उत्तर सुचलं असतं.

“काल बदललास?” बहिणीने विचारलं.

“काल.”

“आणि आज दिवसभर आम्हांला बसवून विचारत होतास?”

मामा खाली बघू लागले. फरशी स्वच्छ होती. तीही त्यांनीच काल पुसली होती.

भुंगेवाल्याने झणझणता सेल मीटरमध्ये बसवला. ॲडाप्टर मोजला: नऊ. एक ट्रान्झिस्टर लावला, मग दुसरा. दोन्ही वेळा त्याने आकडा वाचायच्या आधीच तोंडातल्या तोंडात म्हटला, आणि दोन्ही वेळा मीटरने तोच दाखवला.

“माझेच आहेत,” तो म्हणाला. मग भावाकडे वळला. “माझेच आहेत रे. ठेव ती बॅग.”

धाकट्याने बॅग ठेवली. पण हात मुठीवरच राहिला.

“भाऊ, मी त्यांना नाही म्हणणार होतो.”

“मग म्हण की.”

“दुपारी फोन केला. तू ‘जा’ म्हणालास त्यानंतर.” तो थांबला. “हो म्हणून टाकलं. सोमवारपासून.”

“फोन करून सांग, चुकून म्हटलं.”

“त्या जागेसाठी दुसरा एक जण होता, त्याला त्यांनी माझ्या देखत नाही म्हटलं, भाऊ. फोन चालूच होता, मला ऐकू येत होतं. लग्न ठरलेला माणूस होता तो. आता कोणत्या तोंडाने सांगू?”

भुंगेवाला टेबलाकडे वळला. त्याने थकलेला सेल भुंग्यात घातला, पत्रा लावला आणि स्क्रू आवळले. चौथा स्क्रू त्याने धाकट्याच्या हातात दिला. धाकट्याने तो बारावर आणून सोडला.

मामांना काहीतरी बोलायचं होतं. पण या घरात आज त्यांचं बोलून झालं होतं.

दारावर टकटक झाली. वादक आला. काय झालं ते त्याने विचारलं नाही. वायर लावली, डबी दाबली, एक सूर काढला. खोलीत एक मोठं, म्हातारं जनावर जागं झालं आणि घसा साफ न करताच बोलू लागलं. भाचीने आईचा हात धरला. बहिणीने कानांवर हात ठेवले नाहीत.

सूर विझेपर्यंत वादकाने डोळे उघडले नाहीत.

“काय केलंत?” त्याने विचारलं.

भुंगेवाल्याने मामांकडे बघितलं. मामांनी चहा नसलेल्या कपाकडे.

“सर्व्हिसिंग,” भुंगेवाला म्हणाला.

डबीवरचा पिवळा भुंगा धाकट्याने फडक्याने एकदा पुसला, आणि डबी खोक्यात घालून वादकाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मामा निघाले. राहा म्हणून कोणी आग्रह केला नाही, जा असंही कोणी म्हटलं नाही. निघण्याआधी ते मागे हात धुवायला गेले.

नळ गळत होता. त्यांनी वॉशर घालण्यापूर्वी गळायचा, त्याहून थोडा जास्त.